जातिवंत पिल्लाचें नांव

शेतकऱ्याच्या घरीं बैलांची नवी जोडी आली म्हणजे तिच्या नांवाचा विचार दोन दोन दिवस चालतो. रंग पाहावा, शिंगें पाहावींत, चाल पाहावी आणि मग सर्जा, पवळ्या, चांद्या असें अंगास बसेल असें नांव ठेवावें, ही आपली जुनी रीत. कुत्र्याच्या बाबतींत मात्र आपण इतका विचार कधीं केला नाहीं. खळ्यांत आपण होऊन आलेलें आणि उष्ट्याखरकट्यावर वाढलेलें कुत्रें रंगानें काळें असलें तर काळू, तांबडें असलें तर तांबू, आणि विशेष असें कांहींच नसलें तर मोती. त्याच्या आईबापांची कोणास ओळख नव्हती. त्यामुळें त्याच्या नांवाचा हिशेबहि कोणी विचारीत नव्हतें.

आतां परिस्थिति पालटत आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्लें, सावंतवाडी ह्या भागांतील बागाइतदार आंबा, काजू व नारळ यांच्या राखणीसाठीं पैसे मोजून जातिवंत पिल्लें आणूं लागले आहेत. वानरांचा आणि रानडुकरांचा उपद्रव ज्यानें सोसला आहे त्यास यांत हौस किती आणि गरज किती हें सांगावयास नको. असें पिल्लूं बहुधा आपल्याबरोबर एक कागद घेऊन येतें. त्यावर आईचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख आणि कधीं कधीं पिल्लाचें स्वतःचें एक लांबलचक नांवहि असतें. घरांत मात्र त्याच संध्याकाळीं वाद सुरू होतो. मुलांस चित्रपटांतील नांव हवें असतें, आजीस मोती पुरेसा वाटतो, आणि मुंबईहून आलेला मुलगा एखादें इंग्रजी नांव सुचवितो. हा वाद वरवर करमणुकीचा दिसतो; परंतु आमच्या मतें त्यांत दोन खऱ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. कुत्र्याचें नांव ही प्रथम हांक आहे, आणि जातिवंत कुत्र्याच्या बाबतींत तीच वंशावळीची एक ओळ आहे. ह्या दोन्ही कामांस जें नांव पुरतें तें चांगलें. मग तें ऐकावयास कसेंहि असो.

प्रथम हांकेचें पाहूं. देशावरील सपाट माळावर आवाज सरळ जातो. आपल्याकडे तसें नाहीं. घर खालीं, बाग वर, मध्यें गडगे, त्यावर कातळाचा सडा, पलीकडे वहाळ. किनाऱ्याजवळ असाल तर माडांच्या झावळ्यांची सळसळ आणि लाटांचा अखंड घोष. येथील माणूस दूरच्यास बोलावितांना कुकारो घालतो तो उगीच नव्हे. कुकाऱ्यांत शब्द थोडा आणि स्वर लांब असतो, कारण दूर पोंचतो तो स्वर. व्यंजनें वाटेंतच गळतात. कुत्र्याच्या नांवासहि हाच नियम लावावा. आरंभीं क, ट, ड, ब असें ठसठशीत व्यंजन असावें, म्हणजे जवळ असलेल्या कुत्र्याचे कान टवकारतात. शेवटीं आ, ई, ऊ असा दीर्घ स्वर असावा, म्हणजे नांव ओढून घेतां येतें. अक्षरें दोन असावींत, फार तर तीन. काळू, मोती, राजा हीं नांवें पिढ्यान्पिढ्या टिकलीं तीं केवळ कल्पनेच्या दारिद्र्यामुळें नव्हेत. तीं तोंडास सोपीं आणि कानास स्पष्ट आहेत. पिल्लाचें नांव शमशेरबहाद्दर ठेवणाऱ्या गृहस्थास आठ दिवसांत त्याला 'शमू' म्हणावें लागतें, आणि मग थाटाचें नांव कागदावरच राहतें.

हें शहाणपण आजचें नाहीं. सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं झेनोफन नांवाच्या ग्रीक लेखकानें शिकारीच्या कुत्र्यांविषयीं लिहितांना, नांवें आंखूड असावींत म्हणजे हांक मारणें सोपें जातें, असें सांगून पुढें सत्तेचाळीस नांवांची यादीच दिली आहे. भाला, पहारा, राखणदार अशा अर्थांचीं नांवें तींत आहेत. अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं दुसऱ्या बाजूनें, म्हणजे कुत्र्याच्या कानाच्या बाजूनें, हाच प्रश्न तपासला आहे. अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठाच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, आजूबाजूस माणसांचें बोलणें चालू असतांहि कुत्रें स्वतःचें नांव ओळखतें, आणि तें अनोळखी माणसाच्या तोंडून आलें तरी ओळखतें. मात्र गलबल्याचा आवाज नांवाहून मोठा झाला कीं ती ओळख बुजते. रापण ओढली जात असतां किनाऱ्यावर जो कल्लोळ असतो तो ज्यांनीं ऐकला आहे त्यांस ह्या निष्कर्षाचें महत्त्व निराळें सांगावें लागणार नाहीं.

हांकेस तत्काळ परत येणें हा आपल्याकडे शिस्तीचा नव्हे, कुत्र्याच्या जिवाचा प्रश्न आहे. बिबट्यास कुत्र्याचें मांस फार प्रिय. पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोलें तालुक्यांत बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हां त्यांत सर्वांत मोठा वाटा गाईगुरांचा नव्हे, तर कुत्र्यांचा निघाला. तिन्हीसांजेस जें कुत्रें पहिल्या हांकेला अंगणांत येतें तें वांचतें. तिसऱ्या हांकेपर्यंत जें काजूच्या बागेंत हुंगत राहतें त्याचा सकाळीं पट्टा सांपडतो.

ज्या शब्दांनीं आपण कुत्र्यास आज्ञा करणार त्यांचाहि विचार आधींच करावा. 'नको', 'बस', 'थांब', 'सोड' हे शब्द प्रत्येक घरांत चालतात. नकुल नांवाच्या पिल्लास 'नको' आणि 'नकुल' यांतील भेद पहिल्या उच्चाराला कळावा तरी कसा? बाशा आणि बस, सोन्या आणि सोड ह्याच प्रकारच्या जोड्या. सोन्या हें नांव ठेवावयाचेंच असेल तर 'सोड' ऐवजीं 'टाक' म्हणण्याची संवय सगळ्या घरानें लावून घ्यावी; एकट्या मालकानें लावून उपयोग नाहीं.

वाघ्या ह्या नांवाबद्दल एक स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. नांव थोर आहे. परंतु आपल्या मुलखांत बिबट्यास सर्रास वाघ म्हणतात. संध्याकाळीं सड्यावरून कोणी 'वाघ्या, वाघ्या' म्हणून ओरडला तर खालच्या वाडींत ऐकूं येतो तो अर्धाच शब्द, आणि माणसें काठ्या घेऊन बाहेर पडतात. असें चार वेळां झालें म्हणजे ज्या दिवशीं खराच वाघ येईल त्या दिवशीं कोणी बाहेर पडणार नाहीं.

ह्यानंतर वाडीचा विचार. मालवणी मुलखांत माणसांस घरचीं नांवें असतात, आणि तीं नेमकीं दोन अक्षरांचीं, ओढून हांक मारण्यासारखीं असतात: बाबू, बाळू, राजू, बाबी, बंड्या. म्हणजे जीं नांवें कुत्र्यास सोईचीं तींच शेजाऱ्यांचीं. बांधावरून ज्यांच्याशीं आधींच अबोला आहे त्यांच्या मुलाचें नांव पिल्लास ठेवणें हें हद्दीचा दगड हलविण्यापेक्षां कमी नव्हे. आणि मनांत तसा हेतु नसला तरी तो होता असेंच समजलें जातें. म्हणून नांव ठरविण्यापूर्वीं वाडींतील सर्व घरांचीं नांवें, पाळण्यांतील पोरापासून अंथरुणांतील म्हाताऱ्यापर्यंत, एकदां मनांत घोळवून पाहावींत. मुंबईस असलेल्यांसहि वगळूं नये. ते गणपतीस येतात. जातीवरून किंवा धर्मावरून कोणास टोमणा बसेल असें नांव तर कुत्र्यास कधींच देऊं नये. त्या मुक्या प्राण्यास तें रोज ऐकावें लागतें, आणि गांवासहि.

इंग्रजी नांवांचा आम्हांस राग नाहीं. टॉमी आणि टायगर हीं नांवें आतां इतकीं मुरलीं आहेत कीं तीं परकीं म्हणवत नाहींत. तक्रार इतकीच कीं, एका वाडींत तीन टॉमी असले म्हणजे एका हांकेस तिघेहि धांवून येतात, किंवा तिघेहि तें दुसऱ्याचें काम समजून पडून राहतात.

देवादिकांच्या नांवांविषयीं मात्र दोन मतें आहेत. कित्येकांस कुत्रें अमंगळ वाटतें. परंतु त्यास अमंगळ मानण्याची चाल जितकी जुनी तितकीच त्यास देवाजवळ बसविण्याचीहि. कुडाळ तालुक्यांतील माणगांवीं टेंबेस्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, यांनीं १८८३ सालीं दत्तमंदिर स्थापिलें. तेथें दर्शनास जाणारा प्रत्येक जण दत्ताच्या पायांशीं चार कुत्रीं पाहतो आणि तीं चार वेद होत असें मानतो. भैरवाचें वाहन कुत्रें. खंडोबाचा वाघ्या तर स्वतःसच देवाच्या दारचें कुत्रें म्हणवितो. ऋग्वेदांतील सरमा ही देवांची कुत्री. पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध तिनें लावला, आणि यमाच्या दारचे दोन श्वान तिच्या नांवावरूनच सारमेय म्हणविले गेले. ऐतरेय ब्राह्मणांत अजीगर्ताच्या तिन्ही मुलांचीं नांवें शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशीं कुत्र्याच्या शेंपटीवरून ठेवलेलीं आहेत. ऋषिपुत्रांस कुत्र्याचें नांव चाललें; कुत्र्यास माणसाचें नांव दिलेलें मात्र आपणांस खपत नाहीं! उलट धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेल्या कुत्र्यास महाभारतानें नांवच दिलेलें नाहीं. सरमा हें नांव राखणीच्या कुत्रीस आमच्या मतें फार चांगलें. अर्थ जुना, शेवटीं दीर्घ स्वर, आणि गाई शोधून आणण्याची कीर्ति. शेजारीं कोणी शर्मा राहत नसले म्हणजे झालें.

महाराष्ट्राच्या इतिहासांत दोन कुत्र्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें अशी कथा सांगतात. दुसरा रायगडावरील वाघ्या. शिवछत्रपतींच्या चितेंत त्यानें उडी घेतली ही कथा सर्वतोमुखीं आहे. समकालीन साधनांत तिला आधार सांपडत नाहीं, आणि त्याच्या स्मारकावरून २०१२ सालीं व पुन्हां २०२५ सालीं मोठा वाद झाला. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. अलीकडच्या काळांत मुंबई पोलिसांच्या जंजीर नांवाच्या लॅब्रडॉर कुत्र्यानें १९९३ सालच्या बाँबस्फोटांच्या तपासांत ३,३२९ किलो आर. डी. एक्स. हुडकून काढलें, तो २००० सालीं वारला. त्याच्या आईबापांचीं नांवें आज कोणी सांगत नाहीं. त्याचें मात्र सांगतात.

येथवर हांकेचा विचार झाला. आतां पिल्लाबरोबर आलेल्या कागदाकडे वळूं, कारण खरा तोटा आपण करून घेतों तो तेथें. जातिवंत म्हणजे काय? कान अमुक लांब, कंबर अमुक बारीक, हीं लक्षणें झालीं. हा पुरावा नव्हे. पुरावा एकच: आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण, हें लिहिलेलें असणें. आणि लिहावयाचें तें नांवानेंच. निनांवी कुत्री कितीहि देखणी असली तरी तिच्या पिल्लांस पुढील पिढींत 'कोणाचें?' ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. आपल्याकडे घडतें तें असें: हजारों रुपये देऊन पिल्लूं आणावयाचें, कागद कपाटांत ठेवावयाचा, कुत्र्यास घरीं तिसऱ्याच नांवानें हांक मारावयाची, आणि दोन वर्षांनीं कुत्री व्याली म्हणजे पिल्लें 'आमच्या चंपीचीं' म्हणून वाटून टाकावयाचीं. ती चंपी म्हणजे कागदावरील कोण, हें त्या घराबाहेर कोणासच ठाऊक नसतें. एका पिढींत अस्सल रक्ताचें गांवठी झालें, आणि तें रक्तामुळें नव्हे, नोंदीच्या अभावामुळें झालें. शिवाय पुढें अजाणतां सख्ख्या भावंडांचा जोडा लावला जातो, आणि दुबळीं पिल्लें निपजलीं म्हणजे दोष हवेस दिला जातो.

ही अडचण एकेका घराचीच आहे असें नाहीं; एका सबंध जातीवर ती ओढवली आहे. लांब तोंडाची, बारीक कमरेची, वाऱ्यासारखी धांवणारी जी शिकारी जात महाराष्ट्राच्या दक्षिण भागांत पूर्वापार पाळली जाते, तिला आपण कारवान म्हणतों; कर्नाटकांत तिलाच मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ती जोपासली आणि बादशहा पंचम जॉर्ज यांस तिची एक जोडी भेट दिली, तेव्हांपासून मुधोळचें नांव दूरवर गेलें असें सांगतात. आज केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था तिची नोंद कारवान म्हणून करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ म्हणून. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२० सालीं राजापलयम व चिप्पिपराई यांबरोबर ही जात नोंदली तीहि मुधोळ ह्याच नांवानें. एका रक्ताच्या दोन बहिणी दोन वह्यांत दोन जाती म्हणून बसल्या, तर त्यांच्या नातवंडांचा जोडा जुळविणाऱ्यानें कोणती वही उघडावी? नांव कोणतेंहि एक असतें तरी चाललें असतें. दोन असल्यानें घोटाळा झाला.

उलट, नांव नीट पडल्यानें काय होतें ह्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. काळ्या तोंडावर पांढरे पट्टे असलेल्या शेळीस आपल्याकडील शेतकरी कन्याळ म्हणत आले. कुडाळ तालुक्यांतील निळेली येथें दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तिची जोपासना झाली, आणि कर्नालच्या नोंदींत ती 'कोंकण कन्याळ' म्हणून बसली. आपली लहानखुरी, पावसांत चिखलांत न डगमगणारी गाय तशीच 'कोंकण कपिला' झाली. तोंपर्यंत हीं जनावरें कागदोपत्रीं केवळ गांवठी होतीं. नांव पडल्यानें शेळीचें दूध वाढलें नाहीं कीं गाईचा रंग बदलला नाहीं. पण नांव पडलें तेव्हां त्यांची वेगळी मोजदाद करतां येऊं लागली, आणि मोजदाद झाल्यावर निवड करतां येऊं लागली.

मग पिल्लांचीं नांवें कोणत्या पद्धतीनें ठेवावींत? आपल्याकडे मुलाचें नांव नक्षत्राच्या चरणावरून आलेल्या अक्षरानें ठेवण्याची चाल आहे. अश्विनी नक्षत्रास चू, चे, चो, ला. फ्रान्स देशांत जातिवंत कुत्र्यांस असेंच अक्षर मिळतें, पण तें नक्षत्रावरून नव्हे, सालावरून. २०२४ सालच्या पिल्लांचीं नांवें 'व्ही' ह्या अक्षरानें, २०२५ सालच्यांचीं 'ए' ह्या अक्षरानें. नांवें ठेवण्यास अवघड अशीं कांहीं अक्षरें वगळलेलीं आहेत. नांव ऐकतांच वय कळतें. जर्मनींत अक्षर वेताप्रमाणें देतात: पैदास करणाऱ्याच्या पहिल्या वेतास 'ए', दुसऱ्यास 'बी', ह्या क्रमानें. आपणांस वेताची रीत अधिक सोईची पडेल असें वाटतें. पहिल्या वेतास क, दुसऱ्यास ख, तिसऱ्यास ग. ङ, ञ आणि ण अर्थातच गाळावींत. क ह्या अक्षरावर काळू, केवडा, कस्तुरी. ख वर खंड्या, खैरी. त पर्यंत कोणाची मजल गेली तर चपळ कुत्रीस तारली हें नांव शोभेल. मात्र तिला मासळीबाजारांतून नेऊं नये. तेथें चारी बाजूंनीं तिच्याच नांवाचा पुकारा चालू असावयाचा.

ह्या नांवापुढें वाडीचें किंवा बागेचें नांव जोडावें, म्हणजे दोन गांवांतील दोन कस्तुरी एकमेकींत मिसळणार नाहींत. एक साधी शंभर पानी वही पुरे. प्रत्येक कुत्र्यास एक पान. त्यावर वहींतलें नांव, हांकेचें नांव, जन्मतारीख, आई, बाप, अंगावरील खुणा, शरीरांत चिप बसविली असल्यास तिचा क्रमांक, आणि खालीं वेतें व पिल्लें कोणास दिलीं तें. आपल्या सभासदांपैकीं ज्यांच्याकडे अशीं कुत्रीं आहेत त्यांनीं तालुक्याच्या ठिकाणीं वर्षांतून एकदां आपापल्या वह्या ताडून पाहाव्यात. कोणत्या बागेंतील कुत्र्याचा कोठें नातेसंबंध आहे हें एका बैठकींत उघड होईल, आणि बाहेरचें रक्त केव्हां आणावें हेंहि कळेल. कारवान आणणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं ती कोरड्या मुलखांतील आंखूड केंसांची जात आहे. शंभर इंचांवर पडणाऱ्या आपल्या पावसांत तिला मांगरांत कोरडी, उंचवट्याची जागा द्यावी लागते.

शेवटीं नांव शिकविण्याविषयीं थोडेंसें. पिल्लूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. घरीं आणल्यावर पहिल्या दिवसापासून सर्वांनीं एकच नांव, एकाच तऱ्हेनें उच्चारावें. मुलांनीं लाडाचीं निराळीं रूपें करूं नयेत. अन्न पुढें ठेवतांना एकदां नांव घ्यावें, त्यानें मान वर केली कीं मगच भांडें खालीं ठेवावें. दहावेळां ओरडून पाहूं नये. उत्तर न देतां चालतें हेंच तें त्यांतून शिकतें. रागें भरतांना नांव घेऊं नये, आणि हांक मारून जवळ आलेल्या पिल्लास कधींहि मारूं नये. तीन महिन्यांचें झाल्यावर रेबीजची लस टोंचून घ्यावी, आणि दवाखान्याच्या कार्डावर, पट्ट्याच्या बिल्ल्यावर व वहींत एकच नांव लिहिलें आहे ना हें तेथल्या तेथें पाहावें. वाढलेलें कुत्रें विकत घेतलें असेल तर त्याचें जुनें नांव पूर्वीच्या मालकास विचारून वहींत उतरून घ्यावें. हांकेसाठीं तें बदलावयाचेंच झाल्यास जुन्या नांवामागोमाग नवें नांव जोडून दोन-तीन आठवडे हांक मारावी, आणि नव्या नांवासरशीं कुत्रें वळून पाहूं लागलें म्हणजे जुनें सोडून द्यावें.